शेपटावर बसलेलं शिंदेन: विचित्र विमानांची किट्स जोडताना या चुका टाळा

नेहमीच्या लढाऊ विमानांची दहा-बारा मॉडेल किट्स जोडून झाली की हात आपोआप चालतो. प्रायोगिक विमान हाती आलं की हीच सवय नडते.

माझंच क्यूशू जे७डब्ल्यू शिंदेन बघा. ऑगस्ट १९४५ मध्ये उडालेलं हे जपानी विमान. इंजिन आणि सहा पात्यांचा पंखा मागे, छोटे पंख पुढे. धड चिकटवलं, रंगवलं, हौसेनं चाकांवर ठेवलं, आणि स्वारी नाक वर करून शेपटावर बसली! नाकात वजन घालायचं राहून गेलं होतं.

यावर उपाय धड बंद करण्याआधीच करायचा. पंखांसकट सगळे मोठे भाग मास्किंग टेपने जोडा, मुख्य चाकांच्या जागी खाली आडवी पेन्सिल धरा आणि नाक झुकेपर्यंत नाकात वजन घालत जा. झुकलं की आणखी थोडं घाला. शिशाचे छर्रे मात्र लाकडाच्या पांढऱ्या गोंदात बसवू नका. शिसं हळूहळू गंजून फुगतं आणि जोडलेला सांधा उकलतो. इपॉक्सी (दोन भाग मिसळून वापरायचा गोंद) बरं. धड आधीच चिकटवलं असेल, तर पुढच्या चाकाच्या कप्प्यातून भोक पाडून छर्रे आत सोडता येतात. किचकट आहे, पण जमतं.

एक्स-१५ या अमेरिकन रॉकेट विमानाच्या मॉडेलमधली चूक प्रदर्शनांतही दिसते. शेपटाखालच्या उभ्या फिनचा खालचा भाग मागच्या स्कीपेक्षाही खाली लोंबायचा, म्हणून उतरण्याआधी तो सोडून द्यावा लागे. मॉडेल स्कीवर टेकवणार असाल तर तो भाग लावूच नका. त्याला वर नेऊन सोडणाऱ्या बी-५२ बॉम्बर विमानाच्या पंखाखाली टांगणार असाल तर लावा. पांढऱ्या रंगाचा मोहही आवरा: ६६६७१ क्रमांकाचं विमान पांढरं झालं ते १९६७ मध्ये, बाकीची दोन काळीच.

बीव्ही १४१ हे जर्मन टेहळणी विमान जोडताना तर डावं-उजवं सारखं आहे का हे मोजण्यात अर्थच नाही. कर्मचाऱ्यांची काचेची कुपी उजवीकडे, इंजिनाचं धड डावीकडे, आणि बी आवृत्तीत आडवं शेपूट जवळजवळ एकाच बाजूला. भाग हरवला समजून मी अर्धा तास डबा उलटापालटा केला होता.

अशी बरीच विमानं रेझिनमध्येच (साच्यात ओतून घट्ट केलेल्या राळेत) मिळतात. भागांवर साच्यातला तेलकट थर राहतो; कोमट साबणाच्या पाण्यात धुतल्याशिवाय प्रायमर (रंगाआधीचा थर) मारू नका, नाहीतर मास्किंग टेप काढताना रंगही सोबत निघतो. रेझिनला प्लॅस्टिकचं सिमेंट धरत नाही, सुपरग्लू लागतो. आणि घासताना मास्क लावा, धूळ वाईट असते.