समुद्राकाठच्या शनिवार-रविवारच्या बाजाराला जाताय? आधी भरतीची वेळ बघून घ्या

समुद्राकाठच्या उपनगरांमधे सुट्टीच्या दिवशी जो बाजार भरतो ना, म्हणजे मैदानात, शाळेच्या आवारात नाहीतर किनाऱ्यालगतच्या पार्किंगमधे तंबू ठोकून आसपासचेच लोक भाजी, पाव, मध, मासे, हाताने केलेल्या वस्तू, जुनी पुस्तकं असं काय काय घेऊन बसतात तो, त्याबद्दल लिहायचं बरेच दिवस डोक्यात होतं. मला हे बाजार मनापासून आवडतात आणि म्हणूनच वाईट वाटतं जेव्हा लोक साडेअकराला गाडी घेऊन येतात, अर्धा तास पार्किंग शोधतात, भर उन्हात एक चक्कर मारतात आणि "काही खास नव्हतं" म्हणत परत जातात. अहो बाजार चांगलाच असतो, यायची वेळ चुकलेली असते.

तर पहिली गोष्ट, बाजार नक्की कधी आहे ते नीट वाचा. बरेचसे बाजार दर आठवड्याला नसतातच, कुठे एक आड एक रविवार असतो आणि कुठे महिन्याचा पहिला आणि तिसरा, आणि हे दोन्ही एकच वाटलं तरी एक नाही, कारण पाच रविवारांचा महिना आला की पहिला-तिसरावाल्या बाजारात मधे दोन रविवार रिकामे जातात. त्यात हे बाजार बहुतेक ठिकाणी आसपासचे लोक हौसेने, बिनपगारी चालवतात, त्यामुळे पाऊस किंवा जोराचा वारा असेल तर सकाळी सकाळी ठरतं की आज नाही. निघायच्या आधी त्यांच्या पेजवर किंवा ग्रुपवर एक नजर टाकायची, दोन मिनिटांचं काम आहे.

आता भरती. बाजाराला जाताना कोण भरतीची वेळ बघतं असं वाटेल, पण किनाऱ्यावर गाडी कुठे लावायची, वाळूवरून चालत जाता येईल का, मासेवाले कधी येणार, सगळं त्यावर अवलंबून असतं. मी एकदा ओहोटीच्या वेळी मस्त मोकळी जागा बघून किनाऱ्याच्या अगदी कडेला गाडी लावली आणि तीन तासांनी आले तर चाकं अर्धी पाण्यात होती, बाजूला एक छोटा बोर्डही होता जो मी वाचला नव्हता. खारं पाणी ब्रेकमधे गेलं की काय होतं ते मला त्यानंतर गॅरेजमधे कळलं. त्यामुळे एक गणित लक्षात ठेवा: बहुतेक किनाऱ्यांवर दिवसातून दोनदा भरती येते, दोन भरत्यांमधे साधारण 12 तास 25 मिनिटं जातात, म्हणजे रोज भरती अंदाजे 50 मिनिटं पुढे सरकते. आता सात दिवसांचे सात वेळा 50 मिनिटं धरले की जवळजवळ सहा तास होतात, म्हणजे या शनिवारी सकाळी दहाला भरती असेल तर पुढच्या शनिवारी दहाच्या सुमारास ओहोटी असणार! मागच्या आठवड्यात इथेच गाडी लावली होती, काही झालं नाही, हा हिशोब म्हणूनच चालत नाही. आणि अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाणाची भरती असते, पाणी नेहमीपेक्षा वर चढतं, त्या दिवसांत गाडी सरळ आत गल्लीत लावा आणि चालत या. मात्र गल्लीत लावताना कुणाचं गेट अडवू नका. तिथे राहणारे लोक दर बाजाराला हा त्रास सहन करतात आणि बाजाराविरुद्ध तक्रारी जातात त्या बहुतेक यावरूनच. बस किंवा ट्रेनने जमत असेल तर त्याहून चांगलं काही नाही.

दुसरा मुद्दा वाऱ्याचा. शाळेत खारे वारे आणि मतलई वारे शिकलो होतो आठवतंय ना, जमीन पाण्यापेक्षा लवकर तापते, तिच्यावरची हवा वर जाते आणि समुद्रावरून गार हवा आत येते. ते खारे वारे ऊन चढलं की सुरू होतात आणि दुपारी जोर धरतात, म्हणजे बाजार ऐन भरात असतो तेव्हाच. मग वाळू उडते, कागद उडतात, उघड्यावरच्या खाण्यावर बारीक रेती बसते, तंबू फडफडायला लागतात. म्हणून उघडल्यावर पहिल्या तासाभरात पोचा, हवा शांत असते, माल पूर्ण असतो आणि मुख्य म्हणजे स्टॉलवाल्यांना बोलायला वेळ असतो. तंबूच्या पायांना वाळूच्या पिशव्या किंवा पाण्याचे कॅन बांधलेत का ते बघायची मला सवय लागलीये, एखादा तंबू नुसता उभा केलेला दिसला तर मुलांना घेऊन तिथे रेंगाळू नका, वारा आला की तो पतंगासारखा उचलला जातो.

ऊनही किनाऱ्यावर वेगळं लागतं. कोरडी वाळू सुमारे 15 टक्के अतिनील किरण परत फेकते, समुद्राचा फेस 25 टक्क्यांपर्यंत, म्हणजे टोपी घातली तरी खालून चेहरा भाजतोच, आणि गार वाऱ्यामुळे ते संध्याकाळी घरी आल्यावर कळतं. सनस्क्रीन लावून निघा, पाणी घ्या, बाकी काय ते तुम्हाला माहीतच आहे.

आत शिरल्यावर पहिली फेरी रिकाम्या हाताने मारायची. हे मी सगळ्यांना सांगते आणि कुणी ऐकत नाही, पहिल्याच स्टॉलवर दोन किलो काहीतरी घेतात आणि मग ती पिशवी उरलेला सगळा बाजारभर हातात. पहिल्या फेरीत फक्त बघा, कोणाकडे काय आहे, भाव काय चाललाय, कुठे आजूबाजूचे लोक पिशव्या घेऊन न विचारता रांगेत उभे राहतात. ती रांग म्हणजे खरी खूण. दुसऱ्या फेरीत घ्यायचं, आणि जड आधी नाही, जड शेवटी, मासे आणि दूध-चीज सगळ्यात शेवटी.

स्टॉलवाला स्वतः पिकवतो का कुठून तरी आणून विकतो हे कसं ओळखायचं? सरळ विचारायचं, पण "हे तुमचंच का" असं नाही, त्याला सगळे हो म्हणतात. "हे कधी काढलं?", "या वर्षी पाऊस लांबला त्याचा काही परिणाम झाला का?", "पुढच्या आठवड्यात काय येईल?" असं विचारा. जो पिकवतो तो थांबत नाही, पानावरची कीड, वारा, माती सगळं सांगायला लागतो. आणि टेबलाच्या मागे नजर टाका, होलसेलचे स्टिकर लावलेले खोके, सगळी फळं एका मापाची, हंगाम नसलेल्या चार भाज्या एकत्र, असं दिसलं की समजून घ्यायचं. आणून विकण्यात गैर काही नाही, फक्त त्यासाठी जास्तीचे पैसे द्यायचे की नाही ते तुम्ही ठरवा. मधाबद्दल एक सांगते, तळाला साखरेसारखं गोठलेलं दिसलं म्हणून तो भेसळीचा होत नाही, शुद्ध मधही गोठतो, बरणी कोमट पाण्यात ठेवली की पुन्हा पातळ होतो.

मासे घेताना घाई करू नका. कल्ला उचलून दाखवायला सांगा, आत लालभडक किंवा गडद गुलाबी हवं, तपकिरी आणि चिकट नको. डोळा फुगीर आणि चकचकीत, बाहुली काळीभोर, आत गेलेला धुरकट डोळा म्हणजे जुना मासा. बोटाने दाबलं की मांस लगेच वर यायला हवं, खड्डा राहिला तर तो मासा घेऊ नका. ताज्या माशाला समुद्राचा वास येतो, नाकात जाणारा उग्र वास आला की पुढे चला. मासा बर्फावर हवा, वितळलेल्या बर्फाच्या पाण्यात बुडालेला नको. समुद्र समोर दिसतोय म्हणून मासा त्याच समुद्रातला आणि आजचाच असेल असं धरून चालू नका, होडी कधी लागली ते विचारा, वादळी हवेमुळे दोन दिवस होड्या गेल्याच नसतील तर समोरचा मासा कालचा-परवाचा असणार.

घेतल्यावर मात्र वेळ तुमच्याकडे कमी असतो. मासे, मांस, दुधाचे पदार्थ 4 अंश सेल्सिअसच्या खाली राहायला हवेत, बाहेर दोन तासांपेक्षा जास्त नको आणि हवा 32 अंशांच्या वर असेल तर एकच तास. सोपा उपाय म्हणजे आदल्या रात्री पाण्याच्या दोन प्लास्टिकच्या बाटल्या थोड्या रिकाम्या ठेवून फ्रीझरमधे टाकायच्या आणि सकाळी जाड पिशवीत घेऊन निघायचं, मासे दोघींच्या मधे राहतात आणि घरी पोचेपर्यंत प्यायला गार पाणीही होतं. गाडीच्या डिकीत ठेवून "जरा पाण्यात पाय बुडवून येऊ" असं करू नका, बंद गाडी फार पटकन तापते.

जुन्या वस्तूंच्या टेबलावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवते. खाऱ्या हवेत लोखंड फार लवकर गंजतं म्हणून वरचा रंग बघून भुलू नका, बिजागऱ्या आणि स्क्रू बघा, वस्तू उलटी करून तळ बघा. किल्लीच्या जुडग्याला एक छोटं लोहचुंबक अडकवून ठेवलंय, पितळेला ते चिकटत नाही, चिकटलं तर आत लोखंड आणि वर नुसता मुलामा. पुस्तक मधेच उघडून वास घ्या, कुबट वास आणि तपकिरी ठिपके असतील तर ओल लागलेली असणार आणि बुरशी असेल तर ती घरच्या कपाटातल्या बाकीच्या पुस्तकांनाही लागू शकते. विजेची वस्तू चालू करून दाखवल्याशिवाय घेऊ नका.

घासाघीस करायची का? जुन्या वस्तूंत चालते, तीन घेतल्या तर किती असं हसून विचारलं की बहुतेक जण कमी करतात. हाताने केलेल्या वस्तूंवर मात्र करू नका, प्लीज. एक बाई विणलेल्या पिशव्या घेऊन बसायच्या, एकाने त्यांच्यासमोर सांगितलं की ऑनलाइन अर्ध्या किमतीत मिळते, त्या काही बोलल्या नाहीत, नुसती पिशवी परत घडी घालून ठेवली. त्यांचे ते हात अजून आठवतात मला. नाही परवडत तर कौतुक करून पुढे जा, तेही खूप असतं. फोटो काढायचा तर आधी विचारा, डिझाइन कॉपी होण्याची भीती त्यांना खरोखर असते.

पैशांचं म्हणाल तर सुटे ठेवा. गर्दीत नेटवर्क अडकतं, मशीन फिरत बसतं आणि मागे रांग वाढते, सकाळच्या पहिल्या गिऱ्हाइकाने मोठी नोट दिली की बिचाऱ्यांचे सगळे सुटे तिथेच संपतात.

मुलं बरोबर असतील तर आल्या आल्या एक ठळक जागा ठरवून ठेवा, हरवलास तर इथे येऊन थांब, आणि लहान असेल तर मनगटावर पेनाने फोन नंबर लिहा. पाणी जवळ असतं हे गर्दीत विसरायला होतं. कुत्रा आणणार असाल तर हाताचा मागचा भाग पाच सेकंद वाळूवर ठेवून बघा, तुम्हाला ठेववत नसेल तर त्याच्या पायांनाही सोसणार नाही.

शेवटच्या अर्ध्या तासात उरलेला माल स्वस्तात मिळतो हे खरं आहे, भाजी आणि पाव विशेष, पण निवड राहत नाही. त्या वेळी असाल तर तंबूची दोन टोकं धरायला हात लावा आणि आपल्या आसपास उडालेल्या पिशव्या, कागद उचला, तिथून उडालेलं प्लास्टिक सरळ समुद्रात जातं. मध-लोणचीवाले बहुतेक जण काचेच्या बरण्या परत घेतात, अंडीवाले ट्रे घेतात, विचारून ठेवा आणि घरी त्या धुवून बाजाराच्या पिशवीतच टाकून ठेवा म्हणजे पुढच्या वेळी शोधाव्या लागत नाहीत.