अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस कशी बदलावी

आई अंथरुणाला खिळल्यापासून तिची कूस मीच बदलते. साधारण दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा, म्हणजे एकाच जागी सतत भार पडून जखम होत नाही. त्वचा फारच नाजूक असेल तर डॉक्टर याहून लवकर बदलायला सांगतात.

आधी तिला सांगते, "आई, आता डावीकडे वळवते हं." न सांगता हात लावला की ती दचकते, अंग ताठ करते. मग पलीकडचा गुडघा दुमडायचा, एक हात खांद्यामागे, दुसरा कमरेमागे, आणि हळूच आपल्याकडे वळवायचं. वर सरकवायचं असेल तर कधीच ओढू नका, कातडी सोलवटते. अंगाखाली आडवी चादर घाला आणि दोघांनी दोन बाजूंनी ती उचलून सरकवा.

पूर्ण कुशीवर नको. सगळा भार खुब्याच्या हाडावर येतो. पाठीमागे उशी लावून साधारण 30 अंश कललेलं ठेवा. गुडघ्यांमध्ये एक उशी, पोटऱ्यांखाली एक, म्हणजे टाचा अधांतरी राहतात. टाचांकडे बहुतेकांचं दुर्लक्ष होतं.

दर वेळी माकडहाड, खुबे, टाचा, कोपरं उजेडात बघा. लालसर डाग दिसला तर बोटानं दाबून सोडा. जागा क्षणभरही पांढरी पडली नाही, तर ती जखमेची सुरुवात समजा. सावळ्या त्वचेवर लाली चटकन दिसत नाही. तिथे हाताला गरम किंवा कडक लागतं का ते पाहा. अशा जागी चोळायचं नाही, मालीश तर मुळीच नाही. तिथला भार काढा आणि डॉक्टरांना लगेच कळवा.