ट्रिगरफिशसोबत क्लीनर श्रिम्प आणि छोटे मासे ठेवताय? या चुका टाळा

"भावा, काल रात्री दोन्ही हुत्या की रं! सकाळी बघतोय तर एकच."

कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या एका मित्राचा फोन. त्याच्या चार फुटी खाऱ्या पाण्याच्या टँकमध्ये दीड वर्षापासून पिकासो ट्रिगर, म्हणजे ट्रिगरफिशची एक जात, आहे. आठ दिवसांपूर्वी त्याने मुंबईहून रात्रीच्या ट्रॅव्हल्सने दोन क्लीनर श्रिम्प, म्हणजे माशांचं अंग साफ करणाऱ्या समुद्री कोळंब्या, मागवल्या होत्या. मी ट्रिगरचं नाव काढताच तो वैतागला. "त्यानं आठ दिवसांत वळूनसुद्धा बघितलं न्हाई. एवढा शांत हाय तो."

तो खोटं बोलत नव्हता. ट्रिगर खरंच शांत राहतो आणि बहुतेक लोक तिथेच फसतात. क्लीनर श्रिम्प साधारण ३ ते ८ आठवड्यांनी कात टाकते. जुनं कवच उतरल्यावर नवं कडक होईपर्यंत तिचं अंग मऊ असतं, पळायची ताकद नसते. आठ दिवस न बघणाऱ्या ट्रिगरला तेवढी एक रात्र पुरते. म्हणून माझा हिशेब असा: त्या टँकमध्ये श्रिम्पने दोन-तीन वेळा सुखरूप कात टाकल्याशिवाय "आमच्याकडे जमतंय" असं कुणी म्हणू नये.

आधी बघा, खाल्ली की लपली?

वाळूवर श्रिम्पच्या आकाराचं काहीतरी पडलेलं दिसलं की माणूस घाबरतो. जरा जवळून बघा. काचेसारखं पारदर्शक, पोकळ, डोक्याच्या मागे सांध्यावर फुटलेलं असेल, तर ती कात आहे. श्रिम्प कुठल्यातरी कपारीत बसलीय आणि दोन-तीन दिवस तरी बाहेर येणार नाही. या वेळी सगळ्यात वाईट काम म्हणजे तिला शोधायला रॉक हलवणं. मी स्वतः हे केलंय. दगड उचलला, मऊ अंगाची श्रिम्प उघड्यावर आली आणि माझ्या हाताच्या बाजूनेच ट्रिगर आत घुसला. श्रिम्प जिवंत होती, माझ्यामुळे गेली. आजही ते आठवलं की वाईट वाटतं.

अख्खं शरीर पडलेलं असेल आणि ते शिजवलेल्या कोळंबीसारखं दुधाळ-गुलाबी दिसत असेल, तर ट्रिगरवर संशय घेण्याआधी पाणी तपासा. ट्रिगर सहसा अख्खं शरीर सोडत नाही. आणल्यापासून एक-दोन दिवसांत असं झालं असेल तर बहुतेक वेळा खारटपणातला फरक तिला सोसलेला नसतो.

तिसरी खूण मिशांची. क्लीनर श्रिम्पच्या लांब पांढऱ्या मिशा हा तुमचा रोजचा रिपोर्ट आहे. पहिल्याच दिवशी मोबाइलवर फोटो काढून ठेवा, कारण प्रवासातही मिशा तुटतात. नंतर त्या आखूड होत गेल्या तर ट्रिगरने चव घ्यायला सुरुवात केली असं समजा. पुढच्या कातीला मिशा परत येतात, पण तोपर्यंत श्रिम्प राहायला हवी. मिशा तुटायला लागल्या की "अजून एक आठवडा बघू" म्हणायचं नाही, त्याच दिवशी दोघांना वेगळं करायचं.

सगळे ट्रिगर एका मापाने मोजणं

ट्रिगरच्या कुळात सुमारे ४० जाती आहेत. समुद्रात यातले बरेच जण समुद्री साळिंदर म्हणजे अर्चिन, खेकडे, शिंपले फोडून खातात. अर्चिनचे काटे टाळण्यासाठी तोंडातून पाण्याचा झोत मारून त्याला उलथं पाडतात आणि मग पोटाकडून खातात. एवढी अक्कल आणि एवढे भक्कम दात असलेल्या माशासमोर पाच-सहा सेंटिमीटरची श्रिम्प म्हणजे काय, ते वेगळं सांगायला नको.

तालमीत वस्ताद जोड लावताना वजन बघतो, तयारी बघतो. दुकानात उभं राहिल्यावर आपण मात्र फक्त रंग बघतो. क्लाउन ट्रिगर दिसायला राजबिंडा, लहान असताना काळ्या अंगावर पांढरे ठिपके, कुणीही भुलेल. पण तो ५० सेंटिमीटरपर्यंत वाढतो आणि मोठेपणी शेजाऱ्यांना जगू देत नाही. ऑरेंज-लाइन म्हणजे अंड्युलेटेड, क्वीन आणि टायटन यांच्याबरोबर श्रिम्प किंवा छोटे मासे ठेवायचा विचारच करू नये. पिकासो त्यांच्यापेक्षा थोडा सौम्य, तरी वाळू उपसून जिवंत खाणं शोधणं हाच त्याचा स्वभाव. दुकानात दोन इंचाचा असतो, पुढे ३० सेंटिमीटरपर्यंत जातो.

श्रिम्प ठेवायचीच असेल तर पाण्यात तरंगणारं बारीक खाद्य टिपणाऱ्या जाती घ्या: ब्लूथ्रोट, क्रॉसहॅच आणि त्यानंतर नायजर. दुकानात ओळखायची एक सोपी खूण म्हणजे तोंड. या जातींचं तोंड किंचित वरच्या दिशेला असतं. ब्लूथ्रोट माझ्या मते या कामासाठी सगळ्यात चांगला. नराच्या गळ्यावर निळा पट्टा असतो, परांना पिवळी कड. किंमत जास्त आहे हे खरं, पण दर दोन महिन्यांनी नवी श्रिम्प आणण्यापेक्षा ती परवडते. नायजर बरा असतो, मात्र मोठा झाल्यावर त्याला जागा लागते. सहा फूट बाय दोन बाय दोन, म्हणजे साधारण ६८० लिटरच्या खाली नायजरचा विचार नको. चार बाय दोन बाय दोन म्हणजे ४५० लिटर, त्यात एखादा ब्लूथ्रोट चालून जातो.

आणि हे सगळं जातीबद्दल झालं. एकेक मासा वेगळा निघतो. ब्लूथ्रोटनेही श्रिम्प खाल्ल्याची उदाहरणं आहेत.

घरमालकाच्या घरात पाहुणा टाकणं

मित्राची मूळ चूक ही होती. दीड वर्ष जो टँक ट्रिगरचा आहे, त्यात वरून काहीतरी लालसर, पाय हलवत खाली येतंय. ट्रिगरच्या लेखी वरून येतं ते खाणं, कारण आपणच रोज त्याला तसं शिकवलंय.

क्रम उलटा हवा. आधी श्रिम्प, मग छोटे मासे, शेवटी ट्रिगर, आणि तोही लहान. श्रिम्प एक न आणता दोन आणा. प्रत्येक प्रौढ क्लीनर श्रिम्प नरही असते आणि मादीही, त्यामुळे जोडी जुळवत बसायची गरज नाही. त्यांना कपार ठरवायला महिना-दीड महिना द्या. छोटे मासे त्यांच्यापाशी येऊन अंग साफ करून घ्यायला लागले, त्या डोलत मिशा हलवून त्यांना बोलवायला लागल्या, की जागा पक्की झाली. मग ट्रिगरला भोकं पाडलेल्या अॅक्रिलिकच्या पेटीत घालून ती पेटी आठवडाभर टँकमध्ये टांगा. तो बाहेरचं बघेल, आपण त्याला आतच पोटभर खायला घालू.

ट्रिगर आधीपासून असेल तर त्याला त्या पेटीत बंद करा, रॉकची मांडणी बदला, आणि टँकचे दिवे बंद केल्यावर श्रिम्पला पीव्हीसी पाइपमधून थेट कपारीच्या तोंडाशी सोडा. हेही खात्रीचं नाही. पिकासो असेल तर मी करणारच नाही.

ट्रिगर पकडताना जाळी वापरू नका. पाठीवरचा पहिला काटा तो उभा करतो, दुसऱ्या काट्याने तो अडकतो, आणि मासा जाळीत गुंततो. त्याच काट्याने तो रात्री कपारीत स्वतःला घट्ट रोवून झोपतो. तेव्हा त्याला ओढायचं नाही, दगडासकट बाहेर काढायचं. पकडायला प्लास्टिकचा डबा चांगला.

तांबं: आपल्या घरातला लपलेला घातक

यावर मला जरा जास्त बोलायचंय, कारण आपल्याकडे ही चूक कुणाच्या लक्षातच येत नाही. तांबं माणसाला चांगलं म्हणून आपण तांब्याच्या हंड्यात पाणी भरून ठेवतो. हल्लीच्या कित्येक घरगुती आरओमध्ये शेवटी तांब्याचं कार्ट्रिज असतं, पाण्यात मुद्दाम तांबं सोडणारं. श्रिम्प, खेकडे, गोगलगाई यांना तांबं अगदी थोड्या प्रमाणातही मारतं. माशांना काही होत नाही, त्यामुळे माणूस म्हणतो, "पाणी चांगलंच आहे, मासे ठणठणीत आहेत, श्रिम्प ट्रिगरनेच मारली."

आरओचं पाणी तांब्याच्या आणि मिनरलच्या कार्ट्रिजच्या आधीच्या नळीतून घ्या. टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) वाढवायला कच्चं पाणी मिसळणारा जो स्क्रू असतो, तो बंद करून घ्या. टँकच्या पाण्यासाठी टीडीएस शून्याच्या जवळ हवा. बोअरचं पाणी तर नकोच. पितळी तोट्या आणि पितळी पातेली दूर ठेवा, मीठ प्लास्टिकच्या ड्रममध्येच विरघळवा.

खारटपणा विशिष्ट घनतेत १.०२५ च्या आसपास, म्हणजे लिटरला साधारण ३५ ग्रॅम. मोजायला रिफ्रॅक्टोमीटर, आणि तोही आधी प्रमाणित द्रावणाने तपासलेला. काही दुकानांत मासे १.०१८-१.०२० वर ठेवतात. पिशवी आली की आधी पिशवीतलं पाणी मोजा. श्रिम्पला एअर लाइनच्या नळीला गाठ मारून सेकंदाला दोन-तीन थेंब, असं दीड-दोन तास सवयीला घाला. घाई झाली की दुसऱ्या दिवशी ती दुधाळ रंगाची सापडते.

एप्रिल-मेमध्ये पंखा लावून टँक थंड ठेवला की पाणी भराभर उडतं आणि मीठ मागे राहतं. भर घालायची ती गोड्या आरओ पाण्याची, रोज थोडी थोडी. आठवड्यातून एकदा दहा लिटर एकदम ओतलं की मासा सोसतो, श्रिम्प सोसत नाही.

उपाशी ट्रिगर

दिवसातून एकदा भरपूर खायला घालण्यापेक्षा दोन-तीनदा थोडं थोडं घाला. मायसिस (कोळंबीसारखे बारीक जीव), माकूल, तिसऱ्या, नोरी (वाळवलेलं समुद्री शेवाळ), चांगल्या पेलेट, असं आलटून पालटून. बाजारातून रत्नागिरीची ताजी कोळंबी आणून रोज तीच देणारे बरेच आहेत. मी कोळंबी देतो, पण सोलून, बारीक तुकडे करून. अख्खी, पायांसकट कधीच देत नाही. ट्रिगर हुशार मासा आहे, आकार ओळखतो. दात सतत वाढतात म्हणून कडक खाणं हवंच, त्यासाठी शिंपल्यासकट तिसऱ्या पुरतात.

श्रिम्पलाही वेगळं खायला लागतं. "ती माशांच्या अंगावरचं खाऊन जगते" या समजुतीवर ती उपाशी मरते. चिमट्याने तुकडा तिच्या कपारीपाशी न्या, ट्रिगर दुसऱ्या टोकाला खात असताना.

छोट्या माशांची निवड

तीन ठिपक्यांचा डॅमसेल आणि मरून क्लाउनफिश तिखट असतात, टिकतात. हिरवे क्रोमिस पाच-सहाच्या घोळक्याने, चपळ असले तर. फायरफिश घाबरला की उडी मारतो, मच्छरदाणीच्या जाळीचं झाकण असलं तरी त्याचं आयुष्य लपण्यात जातं. मँडरिन, पाइपफिश, बारीक गोबी नकोत. ते सावकाश खातात, आणि ट्रिगरसमोर सावकाश खाणारा उपाशी राहतो. घोड्याच्या तोंडाचा समुद्री मासा तर कायद्याने संरक्षित आहे, तो कुठल्याच टँकमध्ये नको.

तेच कोरलचं. कपारी करायला पांढऱ्या कोरलचे तुकडे कुणी विकत असेल तर घेऊ नका, १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली कठीण कोरल संरक्षित आहेत. कोरडा रॉक आणि पीव्हीसीचे तुकडे यांच्या उत्तम कपारी होतात. तोंड इतकं अरुंद ठेवा की ट्रिगरचं डोकं आत जाणार नाही, आणि दुसऱ्या बाजूने बाहेर पडायला वाट हवी.

श्रिम्पला औषध समजणं

ट्रिगरच्या अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके आले म्हणून श्रिम्प आणणं ही दुहेरी चूक आहे. मरीन व्हाइट स्पॉटचा परजीवी कातडीखाली बसतो, नंतर गळून वाळूत-दगडांवर विभागतो. श्रिम्प अंगावरचे थोडे उचलेल, टँकमधला रोग जाणार नाही. आणि ठिपके वाढले की माणूस त्याच टँकमध्ये तांब्याचं औषध ओततो. श्रिम्प मरतात, शिवाय दगड तांबं धरून ठेवतात. सगळे मासे वाळू-दगड नसलेल्या वेगळ्या टँकमध्ये काढून तिथे टेस्ट किटने मोजत औषध द्या. मुख्य टँक माशांविना ७६ दिवस ठेवायची पद्धत आहे. श्रिम्प त्या काळात तिथेच राहू शकते, तिच्यावर हा परजीवी जगत नाही.

पावसाळ्याआधी

२०१९ च्या महापुरात आमच्या भागात वीज नव्हती, गावभर पाणी आणि नळाला थेंब नाही. हायवे बंद, त्यामुळे बाहेरून काही येणार नाही. तेव्हापासून जुलै लागायच्या आत मी शंभर लिटर आरओचं पाणी कॅनमध्ये भरून ठेवतो, मिठाची एक जादा बादली, बॅटरीचे दोन एअर पंप चालवून बघितलेले.

वीज गेली की खायला घालणं थांबवावं लागतं, फिल्टर बंद असताना अमोनिया चढतो. म्हणजे टँकमध्ये अंधार, ऑक्सिजन कमी आणि ट्रिगर उपाशी. इतर वेळी श्रिम्पकडे न बघणारा मासा अशा वेळी बघतो. ती अॅक्रिलिकची पेटी टाकून देऊ नका. वीज तासाभरात येणार नाही असं कळलं की मी आधी एअर पंप लावतो, मग ट्रिगर पेटीत घालतो. तो अंधारात कपारीत रोवून बसायच्या आत हे करावं लागतं, नंतर टॉर्चच्या उजेडात दगड उचलायची वेळ येते.