पाच लेटरच्या शब्दांची वही : मराठी मिडियमवाल्यांनी इंग्लिश व्होकॅब कसं करावं, माझा अनुभव

मी पाचवीपासून इंग्रजी शिकलेला. 2000 साली राज्यात पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं, आमची बॅच त्याच्या आधीची. ग्रॅज्युएशन करून बँकेच्या परीक्षांना बसलो तेव्हा मॅथ्स, रिझनिंग निघायचं पण इंग्लिशला गाडी अडायची, आणि चुकीच्या उत्तराला पाव मार्क जायचा म्हणून अंदाजपंचे पण मारता येईना. आत्ता तयारीला लागलेली बरीच मुलं तेच करतात जे मी पहिले सहा महिने केलं, डिक्शनरी ए पासून उघडायची, रोज वीस शब्द पाठ, आणि सी पर्यंत पोचेपर्यंत ए चे सगळे पुसलेले. असं करू नका, खरंच वेळ जातो.

मला उपयोग झाला तो एका साध्या वहीचा. एका पानावर सारख्या लांबीचे शब्द, त्यातली काही लेटर्स कॉमन, एकाखाली एक. सुरुवात पाच लेटरच्या शब्दांनी करा, कारण रोजच्या वापरातले असे शब्द भरपूर आहेत आणि डोळ्याला एका नजरेत मावतात.

पहिलं पान माझं आय-जी-एच-टी चं. लाइट, माइट, नाइट, राइट, फाइट, साइट, टाइट, आणि एट. चार लेटर्स तीच, फक्त पहिलं बदललं की अर्थ बदलतो, आणि एट मध्ये तर आय चा उच्चार पण बदलतो. मला कायम प्रश्न पडायचा की मधला जी-एच बोलायचाच नाही तर लिहायचा कशाला. नंतर कळलं की तो पूर्वी बोलायचे, घशातून, आपल्या ख च्या जवळचा आवाज. इंग्लंडमध्ये तो हळूहळू बंद पडला पण स्पेलिंगमध्ये राहून गेला. जर्मनमध्ये अजून आहे, रात्रीला नाख्ट, आठला आख्ट. आणि आता संस्कृत आठवा, नक्तम् आणि अष्ट! हे सगळे एकाच मूळ भाषेतून आलेले शब्द आहेत. माझी आजी नक्त करायची, म्हणजे दिवसभर उपास आणि रात्री जेवण, त्यातलं नक्त आणि इंग्लिशमधलं नाइट हे नात्यातले निघाले. हे कळल्यावर नाइटचं स्पेलिंग मला पाठ करावंच लागलं नाही.

दुसरी गंमत राइट आणि राँग ची. दोन्ही पाच लेटरचे. राइट म्हणजे मुळात सरळ, आपला ऋजु त्याच घरातला. आणि राँग म्हणजे मुळात वाकडं. आता डब्ल्यू-आर ने सुरू होणारे बाकीचे शब्द बघा, रिस्ट म्हणजे मनगट जे वळतं, रिंग म्हणजे पिळणं, रेस्ट म्हणजे पिळवटून हिसकावून घेणं (विश्रांतीवालं रेस्ट वेगळं, त्यात डब्ल्यू नाही आणि लेटर पण चारच). सगळ्यात वळणं, पिळणं, वाकडं होणं. डब्ल्यू सायलेंट आहे पण अर्थाचा धागा त्यालाच बांधलाय. अर्थात रेक म्हणजे मोडतोड, तो या धाग्यात बसत नाही, त्याला ओढूनताणून बसवू नका.

एस-एन चं पान तर मी प्रत्येकाला दाखवतो. स्निफ हुंगणं, स्नोर घोरणं, स्नॉर्ट फुरफुरणं, स्नाउट जनावराचं नाकाड, स्निअर नाक मुरडून तुच्छतेने बघणं. पाचही पाच लेटरचे आणि पाचही नाकाचे! जी-एल मध्ये तसंच चमकणं येतं, ग्लीम, ग्लिंट, ग्लेअर, ग्लॉस. फर्थ नावाच्या इंग्रज भाषातज्ज्ञाने 1930 मध्ये अशा प्रकाराला नावही दिलं, फोनेस्थीम. परीक्षेत अनोळखी शब्द आला तर याचा आधार मिळतो, पण आधारच, खात्री नाही. स्नेक मध्ये नाक नाही आणि ग्लोव्ह मध्ये चमक नाही.

आणि ओ-यू-जी-एच, इथे सावध. टफ, रफ, कॉफ, डो, बाउ. स्पेलिंग बघाल तर पाचही जुळी भावंडं, उच्चार मात्र टफ-रफ सोडले तर कुणाचा कुणाशी जुळत नाही. इथेही शेवटी तोच जुना घशातला आवाज होता, काही शब्दांत त्याचा फ झाला, काहींत गायबच झाला. हे पान लॉजिकने होत नाही, मोठ्याने वाचूनच होतं, रोज दोन मिनिटं, बास.

2021 मध्ये वर्डल आलं, म्हणजे सहा चान्समध्ये पाच लेटरचा शब्द ओळखायचा ऑनलाइन गेम, बरोबर जागी आलेलं लेटर हिरवं होतं. पाच लेटरचा खेळ असा सगळ्यांच्या फोनवर पोचला, मी अजून रोज खेळतो. शेवटची चार आय-जी-एच-टी अशी हिरवी झाली की लोक एकेक शब्द टाकत सहा चान्स संपवतात. त्याऐवजी स्मेल्ट टाका, एस, एम, एल तिन्ही एका झटक्यात तपासून होतात (हार्ड मोड असेल, म्हणजे सापडलेली लेटर्स पुढच्या शब्दात वापरायलाच लागतात, तर हे चालत नाही). स्मेल्ट म्हणजे धातुक वितळवून धातू काढणं, तो पण शिकून होतो.

आता परीक्षेत खरे मार्क घालवणारे शब्द, एका लेटरने फरक पडणारे. अडॅप्ट जुळवून घेणं, अडॉप्ट स्वीकारणं किंवा दत्तक घेणं, अडेप्ट तरबेज. एका इंटरव्ह्यूच्या फॉर्मवर मी कुठल्याही गावी जुळवून घेईन असं लिहिताना अडॉप्ट लिहिलं होतं, समोरच्या मॅडमनी पेन्सिलने त्याखाली रेघ मारली ती अजून डोळ्यासमोर आहे. तेव्हापासून मी शब्दाच्या पोटात बघतो. अडॉप्टच्या पोटात ऑप्ट आहे, ऑप्शनमधलं, म्हणजे निवडणं. अडॅप्टमध्ये ॲप्ट, म्हणजे योग्य, फिट बसणारं.

दहा लेटरची स्टेशनरी पण अशीच, ए-आर-वाय असेल तर जागचं न हलणारं, ई-आर-वाय असेल तर वह्या-पेनं. पेपरच्या शेवटी ई-आर येतो तसा त्यातही, एवढं लक्षात ठेवा. मूळ मात्र एकच. जुन्या काळी युरोपात विद्यापीठांजवळ फिरून न विकता एका जागी दुकान मांडून पुस्तकं विकणारा तो स्टेशनर.

शेवटचं पान लेटर्स तीच, फक्त जागा बदललेली अशा जोड्यांचं. क्वाएट-क्वाइट, एंजल-अँगल, ट्रायल-ट्रेल, डेअरी-डायरी. इथे दोन्ही शब्द एकाच वाक्यात आणायचे, आणि वाक्य आपल्या घरातलं हवं, गाईडमधलं नको. आमच्याकडे सकाळी दूध डेअरीला जायचं आणि लिटरचा हिशोब वडील डायरीत लिहायचे. तेच मी इंग्लिशमध्ये वहीत उतरवलं, डेअरीत ए आधी, डायरीत आय आधी, ती जोडी परत कधी चुकली नाही.