जोडीदार निवडण्याच्या रिअ‍ॅलिटी कार्यक्रमांवर प्रेक्षकांची चर्चा कशी घ्यावी

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या सीमापट्ट्यात मराठी वाचनालये, महिला मंडळे आणि तरुण मंडळे अजूनही पुस्तकांवर आणि नाटकांवर मनापासून चर्चा घेतात. प्रेक्षक रात्री मोबाइलवर किंवा दूरचित्रवाणीवर जे पाहतात त्यावर मात्र अशी चर्चा फारशी होत नाही. जोडीदार निवडण्याच्या रिअ‍ॅलिटी कार्यक्रमांचा आणि त्यांत दिसणाऱ्या उघड्या शरीरांचा विषय निघालाच, तर एक जण संस्कृती बुडाली म्हणतो, दुसरा नको असेल तर बघू नका म्हणतो आणि विषय तिथेच संपतो. ज्यांना ही चर्चा खरोखर घडवून आणायची आहे अशा कार्यकर्त्यांसाठी, शिक्षकांसाठी आणि ग्रंथपालांसाठी हे मार्गदर्शन आहे.

सुरुवातीलाच एक गोष्ट मनाशी पक्की करावी, कारण बाकी सर्व तयारी तिच्यावर अवलंबून आहे. पडद्यावर किती कपडे आहेत हा एक प्रश्न आहे आणि पडद्यावरच्या शरीराला कोण, कोणत्या मापाने जोखत आहे हा दुसरा. बहुतेक चर्चा फसतात त्या हे दोन प्रश्न एकत्र कालवल्यामुळे. माझे मत असे आहे की प्रेक्षकाच्या मनावर खोल परिणाम करणारा प्रश्न दुसरा आहे, आणि तो पूर्ण कपड्यांतल्या कार्यक्रमालाही तितकाच लागू होतो. सूत्रसंचालकाने आपले मत मात्र शेवटपर्यंत बाजूला ठेवावे आणि लोकांना दोन्ही प्रश्नांवर स्वतंत्रपणे बोलू द्यावे.

कार्यक्रमांची माहिती आधी नीट करून घ्यावी, नाहीतर ऐकीव गोष्टींवरच वाद रंगतो. ब्रिटनच्या चॅनल फोरवर २०१६ साली ‘नेकेड अ‍ॅट्रॅक्शन’ सुरू झाला. त्यात निवड करणाऱ्या व्यक्तीसमोर सहा जण रंगीत काचेच्या कक्षांत विवस्त्र उभे असतात. पडदा पायांपासून टप्प्याटप्प्याने वर सरकतो, प्रत्येक फेरीत एक जण बाद होतो, शेवटी निवड करणारी व्यक्तीही कपडे उतरवते, आणि त्यानंतरची भेट मात्र कपड्यांतच होते. प्रेक्षकांनी तक्रारी केल्या. तेथील प्रसारण नियामक ऑफकॉमने पुढील चौकशी केली नाही, कारण कार्यक्रम मुलांसाठी अयोग्य गोष्टी दाखवण्यावरच्या रात्री नऊच्या मर्यादेनंतर दाखवला जात होता आणि त्यात लैंगिक कृती नव्हती. अमेरिकेत व्हीएच-वन वाहिनीवर २०१४ साली ‘डेटिंग नेकेड’ आला. त्यात गुप्तांगे धूसर करून दाखवत. एका दृश्यात ती धूसर केली गेली नाहीत म्हणून एका सहभागी महिलेने त्याच वर्षी एक कोटी डॉलरचा दावा दाखल केला. हा दावा चर्चेत अवश्य सांगावा, कारण कपडे उतरवायला दिलेली संमती म्हणजे सर्वच गोष्टींना दिलेली संमती नव्हे, हे त्यातून लगेच ध्यानात येते. ‘लव्ह आयलंड’मध्ये नग्नता नसते, पोहण्याचे कपडे असतात, आणि तरीही शरीराच्या प्रतिमेवरून ब्रिटनमध्ये त्या कार्यक्रमावर मोठी टीका झाली. त्याच्या वेळेत दाखवलेली स्तनवर्धन शस्त्रक्रियेची एक जाहिरात तेथील जाहिरात नियामकाने २०१८ साली बेजबाबदार ठरवून थांबवली. आपल्याकडे ‘स्प्लिट्सव्हिला’ २००८ पासून सुरू आहे, आणि तो पाहिलेले तरुण प्रत्येक गावात सापडतील.

ही माहिती तोंडी सांगावी. चित्रफीत दाखवू नये आणि गटाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवू नये, हे मी आग्रहाने सांगतो. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७ नुसार अश्लील मजकूर इलेक्ट्रॉनिक माध्यमातून पाठवणे हा गुन्हा आहे आणि पहिल्या वेळी तीन वर्षांपर्यंत कैद व पाच लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. कायदा क्षणभर बाजूला ठेवला तरी दृश्य समोर आले की सभागृहातील अर्धे लोक मान खाली घालतात, आणि मान खाली घातलेला माणूस मोकळेपणाने मत देत नाही.

गट कसे बसवावेत याचा विचार आमच्या भागातील घरांची रीत पाहून करावा. सासू आणि सून, मामा आणि भाची एकाच वर्तुळात असतील तर धाकटे बोलणारच नाहीत. म्हणून अठरा वर्षांवरील स्त्रिया, अठरा वर्षांवरील पुरुष आणि नंतर इच्छुकांचा एकत्र गट असा क्रम ठेवावा. अठराखालील मुलांशी बोलायचे असेल तर विषय फक्त शरीराच्या प्रतिमेचा ठेवावा आणि पालकांना आधी कळवावे. सीमाभागात गटात कन्नड घरांतील माणसेही असतात; त्यांना मत कन्नडमध्ये मांडू द्यावे आणि दोन्ही भाषा येणाऱ्या कोणाला तरी शेजारी बसवावे. भाषेचा प्रश्न इथे नाजूक आहे, आणि या चर्चेत तो वाद शिरला तर मूळ विषय हातचा जाईल.

पहिली फेरी नग्नतेवर घ्यावी, आणि ती आपल्याच परिसरातून सुरू करावी. या जिल्ह्यात दिगंबर जैन परंपरा जुनी आणि जिवंत आहे. बेळगावच्या किल्ल्यातील कमल बसदी (जैन मंदिर) आठशे वर्षांपूर्वीची आहे, आणि दिगंबर मुनी आचार्य शांतिसागर महाराजांचे नाव निपाणीजवळच्या भोज गावाशी जोडलेले आहे. वस्त्रांचा त्याग केलेल्या मुनींचा विहार रस्त्यावरून जातो तेव्हा जैनेतर माणसेही बाजूला होऊन हात जोडतात, आणि बायका लहान मुलांचे डोळे झाकत नाहीत. तालमीत लाल मातीत लंगोट लावून उतरलेल्या पैलवानाचे अंग सगळा गाव निरखतो, त्याच्या मांडीचे आणि खांद्याचे कौतुक करतो, आणि त्यात कोणाला गैर वाटत नाही. ही उदाहरणे मांडून विचारावे की मग पडद्यावरच्या उघड्या शरीराचे नेमके काय खटकते. उत्तरे वेगवेगळी येतात, आणि ती वेगवेगळीच नोंदवावीत. मुनींची नग्नता त्यागाची आहे आणि इथली निवडीसाठी मांडलेली आहे, असे कोणी म्हणेल. पुरुषाचे उघडे अंग आम्हाला चालते, बाईचे चालत नाही, हे आधी कबूल करा, असेही एखादी तरुणी म्हणेल, आणि तिचे म्हणणे खोडून काढण्याची घाई कोणालाही करू देऊ नये. मुनींचा उल्लेख करताना सूर आदराचा असावा. गटात जैन कुटुंबांतील सदस्य असतील तर त्यांनाच आधी बोलण्याची विनंती करावी, आणि हे उदाहरण घ्यायचे की नाही हेही त्यांना आदल्या दिवशी विचारावे.

दुसरी फेरी शरीराला जोखण्याची आहे आणि तिला वेळ जास्त द्यावा. इथे परदेशी कार्यक्रम थोडा वेळ बाजूला ठेवून लग्नाचा बायोडाटा हातात घ्यावा. नाव आणि पत्ता झाकलेला एक कागद पुरतो. जन्मतारीख, रास, नक्षत्र, गोत्र, उंची, आणि त्याखाली वर्ण: गोरा, गव्हाळ, निमगोरा. शिक्षणाची ओळ बहुतेकदा त्यानंतर येते. सोबत स्टुडिओत काढलेला, चेहरा उजळ केलेला फोटो असतो. मुलगी बघायला आलेल्या मंडळींनी तिला चार पावले चालायला सांगितल्याचे, केसांची लांबी विचारल्याचे अनुभव आमच्या मावश्या आजही सांगतात. सहा जणांना काचेत उभे करून पायांपासून पाहणे आणि पोह्यांची बशी घेऊन आलेल्या मुलीला नखशिखांत न्याहाळणे यांत साम्य कोणते आणि फरक कोणता, हा या संपूर्ण चर्चेतील सर्वांत कसाचा प्रश्न आहे. साम्य सगळ्यांना दिसते. फरक शोधायला मात्र वेळ लागतो. पडद्यावर निवडणाऱ्याला शेवटी स्वतःही त्याच स्थितीत उभे राहावे लागते, आणि मुलगी पाहण्याच्या कार्यक्रमात मुलाला ते कधीच करावे लागत नाही. उलट पडद्यावरचा नकार लाखो लोक पाहतात, घरातला नकार घरातच राहतो. दोन्ही मुद्दे गटातूनच येऊ द्यावेत. अगदीच आले नाहीत तर प्रश्नाच्या रूपाने सूचित करावेत.

मत मागण्याची पद्धत इथे फार महत्त्वाची आहे. हात वर करायला सांगू नये. प्रत्येकाला कोरी चिठ्ठी द्यावी, नाव लिहू नये असे स्पष्ट सांगावे आणि तीनच गोष्टी विचाराव्यात: असा कार्यक्रम पाहिल्यावर स्वतःच्या शरीराविषयी काही वाटले का, काय वाटले, आणि ते किती वेळ टिकले. ‘तुम्हाला लाज वाटली का’ असा प्रश्न विचारू नये, कारण त्यात उत्तर आधीच भरलेले असते. चिठ्ठ्या एकत्र करून सूत्रसंचालकाने स्वतः वाचाव्यात, नाहीतर हस्ताक्षरावरून माणूस ओळखला जातो. लहान गावात तेवढे पुरेसे असते.

चिठ्ठ्या वाचून झाल्यावरच संशोधन सांगावे. आधी सांगितले तर लोक त्याच्या सुरात सूर मिसळतात. ब्रिटनमधील मेंटल हेल्थ फाउंडेशनच्या २०१९ च्या सर्वेक्षणात १८ ते २४ वयोगटातील २४ टक्के तरुणांनी रिअ‍ॅलिटी कार्यक्रमांमुळे आपल्या शरीराविषयी चिंता वाटते असे सांगितले. म्हणजे जवळपास चौघांतील एक. तीन जणांनी तसे सांगितले नाही, हेही त्याच दमात सांगावे. त्याहून विचार करायला लावणारा अभ्यास फिजी बेटांवरचा आहे. अ‍ॅन बेकर यांनी तेथील किशोरवयीन मुलींची पाहणी केली. १९९५ साली त्या भागात दूरचित्रवाणी नुकतीच पोहोचली होती, तेव्हा आहाराविषयीच्या विकृतीची लक्षणे सुमारे १२.७ टक्के मुलींत दिसली; १९९८ साली ते प्रमाण २९.२ टक्के झाले. भरलेले अंग हे सुदृढतेचे लक्षण मानणाऱ्या समाजात तीन वर्षांत हा बदल झाला, आणि त्या मुली पाहत होत्या त्या मालिकांमध्ये नग्नता हा विषयच नव्हता.

दुसरी बाजूही मांडलीच पाहिजे. अनेक प्रेक्षकांचे म्हणणे असे असते की ‘नेकेड अ‍ॅट्रॅक्शन’सारख्या कार्यक्रमात सुटलेले पोट, शस्त्रक्रियेचे व्रण, वयस्क त्वचा अशी खरी शरीरे दिसतात आणि आपण एकटेच बेढब नाही याचा दिलासा मिळतो. या म्हणण्यात तथ्य आहे. लंडनच्या गोल्डस्मिथ्स महाविद्यालयातील कीऑन वेस्ट यांच्या २०१७ च्या अभ्यासात, लैंगिक हेतूविना सामूहिक नग्नतेत सहभागी होणाऱ्यांत स्वतःच्या शरीराविषयीचे समाधान वाढलेले आढळले. पण तिथे माणसे स्वतः हजर होती आणि कोणी कोणाला बाद करत नव्हते. पडद्यावर तेच खरे शरीर दिसते आणि पुढच्या क्षणी त्याला नकार मिळतो. व्रण असलेल्या प्रेक्षकाने त्या क्षणी दिलासा घ्यायचा की धसका, हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो. गटापुढे तो तसाच ठेवावा.

चर्चेत कोणी स्वतःची जखम उघडी केली, जेवण सोडल्याचे किंवा जिवाला कंटाळल्याचे सांगितले, तर तिथेच सल्ल्यांचा भडिमार होऊ देऊ नये. चर्चा थोडी थांबवावी, त्या व्यक्तीशी नंतर एकांतात बोलावे आणि टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक द्यावा. हा क्रमांक केंद्र सरकारचा आहे, निःशुल्क आहे आणि तेथे अनेक भारतीय भाषांत बोलता येते.

काही सदस्यांना चर्चा पुरेशी वाटणार नाही, त्यांना तक्रार करायची असेल. त्यांना मार्ग नेमका सांगावा. २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार ओटीटी, म्हणजे इंटरनेटवरून कार्यक्रम दाखवणाऱ्या मंचावरील कार्यक्रमांना यू, यूए सात, यूए तेरा, यूए सोळा आणि ए अशी वयोगटाची श्रेणी द्यावी लागते, आणि यूए तेरा व त्यावरील कार्यक्रमांसाठी पालकांना कुलूप लावण्याची सोय ठेवावी लागते. घरातील मोबाइलवर ते कुलूप लावले आहे का, हे आधी पाहावे. बऱ्याच घरांत तक्रारीचे कारण तिथेच मिटते. तक्रार करायचीच असेल तर ती मंचाच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे करावी. त्याने २४ तासांत पोच आणि १५ दिवसांत निर्णय द्यायचा असतो, आणि समाधान झाले नाही तर स्वनियामक मंडळाकडे जाता येते. दूरचित्रवाणी वाहिन्यांच्या मनोरंजन कार्यक्रमांसाठी २०११ पासून ब्रॉडकास्टिंग कंटेंट कंप्लेंट्स कौन्सिल ही तक्रारी ऐकणारी परिषद आहे. ‘कार्यक्रम घाणेरडा आहे’ एवढेच लिहिलेली तक्रार कोणी गंभीरपणे घेत नाही. भागाची तारीख, प्रसंगाची वेळ, दिलेली श्रेणी आणि आक्षेप नग्नतेला आहे, शरीराच्या चेष्टेला आहे की संमतीच्या उल्लंघनाला आहे, हे वेगवेगळे लिहावे.

शेवटी वृत्तांत लिहिताना सर्वानुमते ठराव झाला असे लिहिण्याचा मोह टाळावा. नग्नतेवरची मते एका बाजूला, शरीराला जोखण्यावरची दुसऱ्या बाजूला, अशी नोंद करावी, आणि ज्या सदस्यांनी पहिल्या प्रश्नावर कार्यक्रमाच्या विरोधात पण दुसऱ्यावर लग्नाच्या बायोडाट्याच्या बाजूने मत दिले, त्यांची मते नावाशिवाय पण त्यांच्याच शब्दांत टिपून ठेवावीत. वृत्तांताची एक प्रत वाचनालयात ठेवावी आणि पुढच्या बैठकीत तिथूनच सुरुवात करावी.