सरपण वाचवायचं तर गोबरगॅस थंडीतही चालता ठेवा

दोन घनमीटरच्या दीनबंधू (पक्क्या घुमटाच्या) गोबरगॅस संयंत्राला रोज साधारण 50 किलो ताजं शेण लागतं, म्हणजे चार-पाच जनावरांचं. तेवढंच पाणी घालून शेणकाला करा. काडीकचरा आणि खडे हाताने वेचून काढा, कंटाळा करू नका: काड्या वर तरंगून जाड साय धरतात, माती तळाशी बसून टाकीतली जागा खाते. थंडीत शेणापासून गॅस करणारे जिवाणू मंदावतात, म्हणून काला दुपारी, उन्हात तापलेल्या पाण्यात कालवा. फिनेल किंवा साबणाचं पाणी टाकीत मुळीच जाऊ देऊ नका, जिवाणू मरतात.

ज्योत फडफडते? नळीत पाणी साचलंय, सखल जागचा कॉक उघडून काढा. ज्योत पिवळी असेल तर शेगडीची हवा वाढवा. गळती साबणाच्या फेसानेच तपासा, काडी पेटवून कधीच नाही.