डेझर्ट स्टार बघायचं तर आडवं पडा

अमेरिकेतल्या डेथ व्हॅली या वाळवंटात पहिल्यांदा गेलो तेव्हा डेझर्ट गोल्ड या रानफुलाची पिवळीधमक शेतंच्या शेतं बघत फिरलो. गाडीपाशी येऊन बूट झटकले, तर तळव्याला चुरगळलेलं एक इवलं पांढरं फूल चिकटलेलं. मोहावी डेझर्ट स्टार. मी वाटभर ते तुडवत आलो होतो, ही रुखरुख अजून जात नाही.

आता आधी पाऊस बघतो. तिथे वर्षाला जेमतेम ५ सेंटीमीटर पडतो. हिवाळ्यात तो थोड्या थोड्या दिवसांनी पडला आणि कोरडा वारा फार सुटला नाही, तर फेब्रुवारीच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत सखल भाग फुलतो. १९९८, २००५, २०१६ सारखा बहर क्वचितच. पण त्याची वाट बघत बसू नका! कोरड्या वर्षी डेझर्ट स्टारचं रोप नखाएवढं राहतं, एकच फूल धरतं. पाऊस चांगला झाला की तेच वीतभर पसरतं. उंची मात्र दोन-तीन सेंटीमीटरच.

बॅडवॉटर रोडने दक्षिणेला ॲशफर्ड मिलच्या पुढे जा. गाडी रस्त्यालगतच लावा. वाळू आणि बारीक खडी असलेल्या सपाटीवर पाय ठेवण्याआधी जागीच थांबा. बुटाच्या टोकापासून नजर हळूहळू पुढे न्या. पहिलं फूल दिसायला वेळ लागतो. एकदा दिसलं की मग दहा दिसतात.

मोकळी जागा बघून चटई टाका आणि सरळ पोटावर झोपा. भिंग डोळ्याशी धरा. पांढऱ्या पाकळ्या, कधी गुलाबी झाक, आणि मधली पिवळी टिकली म्हणजे खरं तर दाटीने बसलेली कितीतरी चिमुकली फुलं. त्यातली काही उमललेली, काही अजून मिटलेली. अरुंद पानांवर पांढरी ताठ लव असते, तिच्यात वाळूचे कण अडकलेले दिसतात. हे बघायला मी अर्धा अर्धा तास पडून राहतो.

फोटोसाठी फोन उलटा धरा, म्हणजे कॅमेरा जमिनीलगत येतो. ऊन कडक असेल तर पांढरा रुमाल आडवा धरा. सकाळी लवकर, वारा सुटायच्या आत काढलेले फोटो चांगले येतात.

फूल तोडू नका, राष्ट्रीय उद्यानात मनाई आहे. आणि उठताना हात कुठे टेकणार ते आधी बघा, शेजारी दुसरं असतंच.